खिशातला डॉस: जुने गेम पेन ड्राइव्हवर कसे पोचले

माझ्या बाइकच्या किल्लीला एक पेन ड्राइव्ह अडकवलेला असतो. त्यात 'जुनं' नावाचा एक फोल्डर आहे. डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, डूमचा पहिला भाग, झालंच तर बिनीथ अ स्टील स्काय. कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरला लावायचा, डबल क्लिक करायचं आणि खेळायचं. इन्स्टॉल करणं नाही, ॲडमिनचा पासवर्ड नाही, इंटरनेटसुद्धा नाही. (ऑफिसच्या मशीनवर मात्र हे चालत नाही, तिथे यूएसबी पोर्ट बंद. त्यामुळे जो काही धुडगूस तो वीकांतालाच!)

बघणारे म्हणतात, "त्यात काय एवढं? पंचवीस-तीस वर्षं जुना एवढासा गेम, चालणारच की." खरी गंमत इथेच आहे. ह्या गेमांनी आज चालूच नये अशी सगळी व्यवस्था झालेली होती. ज्या प्रोसेसरसाठी ते लिहिले तो गेला, ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचे ती गेली, साउंड कार्ड गेलं, फ्लॉपी गेली. विकणाऱ्या कंपन्यांपैकीही बऱ्याच बुडाल्या किंवा दुसऱ्यांनी गिळल्या. तरीही डेव्ह आजही त्याच टेचात उड्या मारतोय. तो कोणामुळे, आणि कसा? ह्या वीकांताला तेवढंच सांगायचं आहे.

आधी डेव्हची ओळख. आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी हात साफ केले त्यांना ती करून द्यायला नको. लाल टोपीवाला माणूस, हिरे गोळा करायचे, कप मिळाला की दार उघडतं, अशा एकूण १० लेव्हल. लॅबच्या बाई पाठमोऱ्या झाल्या की पेंटची खिडकी खाली आणि डेव्ह वर! पण हा गेम कोणी लिहिला हे आमच्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं. तो लिहिला जॉन रोमेरोने, १९८८ साली, ॲपल टू ह्या कॉम्प्युटरसाठी. डॉसवर तो १९९० साली आला. त्याच १९९० च्या सप्टेंबरमध्ये रोमेरोचे सहकारी जॉन कारमॅक आणि टॉम हॉल ह्यांनी एक रात्र जागून पीसीवर मारिओसारखं सरकणारं दृश्य करून दाखवलं आणि त्यात मारिओच्या जागी चक्क डेव्हला पळवलं. पीसीवर असं गुळगुळीत स्क्रोलिंग जमत नाही असा तोवर समज होता. सकाळी रोमेरोने ती फ्लॉपी लावून पाहिली आणि आता ही नोकरी सोडायची हे त्याच्या मनाने घेतलं. ह्यातूनच १९९१ साली इड सॉफ्टवेअर उभी राहिली, आणि १० डिसेंबर १९९३ रोजी डूम आला. म्हणजे आपला लॅबमधला डेव्ह हा डूमचा थोरला भाऊ आहे म्हणा ना.

बरं, मग हे गेम चालेनासे का झाले?

कारण डॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम खऱ्या अर्थाने काही ऑपरेट करतच नव्हती. :) ती प्रोग्रॅम लोड करायची, फायली वाचून द्यायची आणि बाजूला व्हायची. त्यानंतर सगळी मशीन गेमच्या ताब्यात. चित्र काढायचंय? थेट व्हिडिओ मेमरीत बाइट लिहा. आवाज हवाय? साउंड ब्लास्टर कार्डाचे पोर्ट तुम्हीच हलवा. म्हणून तर गेम सुरू करण्याआधी सेटअपमध्ये तो कोड्यासारखा प्रश्न यायचा: पोर्ट २२०, आयआरक्यू ५ की ७, डीएमए १? चुकलं की आवाज बंद किंवा मशीन ठप्प. त्यात ६४० केबीची मर्यादा. मशीनमध्ये ८ एमबी रॅम असली तरी साध्या डॉस प्रोग्रॅमला ह्या पहिल्या ६४० केबीतच संसार करावा लागे. माउसचा ड्रायव्हर आणि सीडीचा ड्रायव्हर लोड केला की उरलेल्या जागेत गेम मावायचा नाही. लोक कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक ह्या दोन फायलींच्या ओळी वर-खाली करत बसायचे. त्या काळी कित्येक जण कॉम्प्युटर शिकले ते अभ्यासासाठी नव्हे, गेम चालावा म्हणून!

दुसरी भानगड वेगाची. बऱ्याच जुन्या गेमांना घड्याळ माहीतच नव्हतं. 'इतके फेरे मोजा, मग पुढचं चित्र काढा' असा हिशेब. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीवर जे फेरे रमतगमत व्हायचे ते पुढच्या मशीनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून जुन्या कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण असायचं. नावाने टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी. पुढे पेंटियमचे वेग २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेले तेव्हा टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताहोताच 'रनटाइम एरर २००' म्हणून मरू लागले. कारण काय, तर सुरुवातीला ते मशीनचा वेग मोजायचे, आणि मशीन इतकी वेगवान की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावेना. मशीन चांगली झाली म्हणून प्रोग्रॅम मेला. आहे की नाही?

मग २००१ साली एक्सपी आली. ती एनटी घराण्यातली. तिथे प्रोग्रॅमला हार्डवेअरला हात लावायची बंदी, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. डॉस प्रोग्रॅमसाठी तिने एक छोटी खोली राखून ठेवली होती, एनटीव्हीडीएम नावाची. त्यात डेव्ह कसाबसा चालायचा, पण बऱ्याच गेमांचा आवाज गायब आणि ग्राफिक्स अडखळत. ६४-बिट विंडोजमध्ये ती खोलीही गेली. ह्यात नुसता मायक्रोसॉफ्टचा आळस नव्हता. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत असताना जुन्या ८०८६ चं सोंग घेण्याची सोय त्यात नसतेच. विंडोज ११ तर २०२१ साली आली ती फक्त ६४-बिट. म्हणजे आज नव्या लॅपटॉपवर डेव्हच्या फाइलवर डबल क्लिक केलं तर 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' अशी पाटी येते. शंभर केबीसुद्धा नसलेली फाइल, आणि १६ जीबी रॅमवाली मशीन हात वर करते.

ह्या अडचणीवर लोकांनी तीन वेगवेगळ्या वाटा काढल्या. माझ्या पेन ड्राइव्हवर तिन्ही नांदतात.

पहिली वाट, मशीनच सॉफ्टवेअरमध्ये बांधायची. पीटर व्हीन्स्ट्रा आणि स्जोर्ड व्हॅन डर बर्ग ह्या दोन डच पोरांनी डॉसबॉक्स लिहायला घेतला आणि २००२ साली तो लोकांसमोर आला. नव्या विंडोजवर आपले गेम चालत नाहीत, एवढीच तक्रार. डॉसबॉक्स काय करतो? तो अख्खा जुना पीसी आहे: प्रोसेसर, व्हीजीए कार्ड, साउंड ब्लास्टर, ॲडलिब, टायमर, कीबोर्ड, सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. गेमने पोर्ट २२० वर एक बाइट लिहिला की डॉसबॉक्स मध्येच तो पकडतो, खरं कार्ड असतं तर काय केलं असतं ते गणित करतो आणि निघालेला आवाज आजच्या स्पीकरकडे पाठवतो. गेमला पत्ताच लागत नाही की बाहेर २००२ उजाडलंय, की २०२२. वेगाचा प्रश्न त्यांनी 'सायकल' नावाच्या आकड्याने सोडवला. एका मिलिसेकंदात किती सूचना पाळायच्या तो हा आकडा. जुन्या रिअल मोडच्या गेमांना तो आपणहून ३००० धरतो. कमी पडला तर कंट्रोल एफ१२ ने वाढवा, डेव्ह वाऱ्यासारखा पळू लागला तर कंट्रोल एफ११ ने कमी करा. जुनं टर्बो बटण, फक्त आता कीबोर्डवर! आणि हे सगळं फुकट, जीपीएल लायसन्सखाली, सोर्स कोडसकट.

दुसरी वाट ह्याहून हुशार आहे, पण ती मोजक्याच गेमांना लागू पडते. १९८७ साली लुकासफिल्मच्या रॉन गिल्बर्टने मॅनिॲक मॅन्शन हा गेम करताना सगळा गेम असेंब्लीत लिहायचा नाही असं ठरवलं. त्याने आणि सहकाऱ्यांनी स्कम नावाची एक छोटी भाषा केली. गोष्ट, संवाद, कोडी हे सगळं त्या भाषेत, आणि ते वाचून खेळवणारं इंजिन वेगळं. त्यांचा हेतू साधा होता. कमोडोर ६४ वरून दुसऱ्या मशीनवर जायचं तर फक्त इंजिन पुन्हा लिहायचं. पण त्याचा परिणाम चौदा वर्षांनी दिसला. २००१ साली लुडविग स्ट्रिगेउस ह्या स्वीडिश पोराने व्हिन्सेंट हॅम ह्याच्याबरोबर ते इंजिन नव्याने लिहिलं. नाव ठेवलं स्कमव्हीएम. (हाच लुडविग पुढे म्यूटोरेंट लिहिणारा. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या कॉलेजच्या हार्ड डिस्कवर त्याचे उपकार आहेत.) स्कमव्हीएम जुनी मशीन बनवत नाही. तो जुनी डेटा फाइल घेतो आणि नव्या इंजिनाने खेळवतो. त्यामुळे मंकी आयलंड फोनवरसुद्धा चालतो.

ह्यातलाच एक छान प्रकार म्हणजे बिनीथ अ स्टील स्काय. १९९४ चा गेम, इंग्लंडच्या रेव्होल्यूशन कंपनीचा. त्यांनी स्कमव्हीएमच्या मंडळींना आपला सोर्स कोड पाहायला दिला आणि २००३ साली गेमच सर्वांसाठी फुकट केला. पाठोपाठ २००४ साली फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीनही तसाच फुकट झाला. ज्याला जुने गेम पेन ड्राइव्हवर ठेवायचे आहेत आणि चोरीही करायची नाही, त्याने इथूनच सुरुवात करावी.

तिसरी वाट, मूळ लेखकाने कुलूप उघडून देणं. डिसेंबर १९९७ मध्ये इडने डूमचा सोर्स कोड जाहीर केला, आणि १९९९ साली तो जीपीएलखाली आला. गंमत अशी की दिला तो लिनक्सचा कोड. डॉसच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती, ती त्यांना वाटता येत नव्हती. एका लायब्ररीच्या करारापायी मूळ डॉसचा कोड तसाच्या तसा कधी देताच आला नाही. आपण प्रोजेक्टमध्ये डोळे झाकून बाहेरच्या लायब्ऱ्या ओढतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. पण डूममध्येही नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं वॅड नावाच्या वेगळ्या फाइलीत होतं. त्यामुळे नवं इंजिन अधिक जुनी वॅड एवढं पुरलं. पहिल्या भागाची, म्हणजे ९ नकाशांची, वॅड तर शेअरवेअर. ती कॉपी करून वाटा असं कंपनीच सांगायची.

आता पेन ड्राइव्हकडे वळू. यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड जानेवारी १९९६ मध्ये आलं. त्यामागे इंटेलमध्ये काम करणारे अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सगळ्या उपकरणांना एकच खाच आणि मशीन बंद न करता लावता यावं, ही कल्पना त्यांनी लावून धरली. त्या खाचेत बसणारा पेन ड्राइव्ह आला २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा एक, आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला, आयबीएमच्या नावाने विकलेला दुसरा. त्याची क्षमता किती? ८ एमबी! आज एका फोटोला पुरणार नाही. पण तेव्हा पाच फ्लॉप्यांचा माल एका बोटाएवढ्या काडीत, आणि फ्लॉपीसारखी बुरशी नाही की खरखर नाही.

पण नुसती जागा असून भागत नाही. विंडोज ९५ पासून प्रोग्रॅमांना एक सवय लागली होती: सेटिंग रजिस्ट्रीत, फायली सिस्टिम फोल्डरमध्ये, थोडं युजरच्या फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम म्हणजे एकत्र कुटुंब न राहता दहा गावांत पांगलेली भावकी. एका मशीनवरून उचलून दुसरीकडे न्यायचा म्हटलं की निम्मा मागेच राहणार. २००४ साली जॉन हॅलर ह्यांनी फायरफॉक्सची फिरती आवृत्ती काढली. ती लाँचरकरवी सगळी सेटिंग पेन ड्राइव्हवरच ठेवायची आणि निघताना मागे खरकटं ठेवायची नाही. त्यातून पुढे पोर्टेबल ॲप्सचा अख्खा संसार उभा राहिला. डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएमही त्यात आले.

हे वाचताना मला जाणवलं ते असं, की डॉसचे गेम जन्मतःच पोर्टेबल होते. त्यांना रजिस्ट्री माहीत नव्हती. गेम म्हणजे एक फोल्डर. हाय स्कोअर त्यातच, सेव्ह केलेली लेव्हल त्यातच, साउंड कार्डाची सेटिंगही त्यातच. फोल्डर कॉपी केला की गेम गेला सोबत. पोर्टेबल ॲप म्हणून जे २००४ साली नव्याने शोधून काढावं लागलं ते १९९० साली फुकटात मिळत होतं. मधली चौदा वर्षं आपण पुढे जात होतो की मागे, हा प्रश्न मी आर्किटेक्चरच्या मीटिंगमध्ये अधूनमधून स्वतःला विचारतो. मोठ्याने नाही अर्थात!

प्रत्यक्षात करायचं कसं हे थोडक्यात सांगतो. पेन ड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात डॉसबॉक्स, शेजारी गेमांचा फोल्डर. डॉसबॉक्स आपली कॉन्फिग फाइल एरवी युजरच्या फोल्डरमध्ये ठेवतो. ती तिथे न ठेवता त्याच्या शेजारी ठेवायची आणि बॅच फाइलमधून तीच वाचायला सांगायची. त्या फाइलच्या शेवटी ऑटोएक्झेक म्हणून भाग असतो. तिथे माउंट कमांडने गेमांचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचा. पण पत्ता लिहिताना ई ड्राइव्ह किंवा जी ड्राइव्ह असं कधीही लिहायचं नाही. एका मशीनवर पेन ड्राइव्ह ई असतो, दुसरीवर जी. पत्ता नेहमी 'इथून आत' असा सापेक्ष द्यायचा. एवढं पाळलं की झालं. आतल्या गेमला कायम आपण सी ड्राइव्हवरच बसलोय असं वाटतं, बाहेर काहीही असो.

ह्या पेन ड्राइव्हांनी आणखीही बरंच काही फिरवलं, ते विसरून चालणार नाही. सायबर कॅफे आणि कॉलेजच्या लॅबमधून ऑटोरनच्या जोरावर व्हायरस फिरले. २००७ च्या सुमाराचा एक किडा आपल्याकडे फारच प्रसिद्ध होता. ऑर्कुट उघडलं की खिडकी बंद करून वर 'ऑर्कुटवर बंदी आहे' अशा अर्थाची खिल्ली उडवणारा, आणि फायरफॉक्स उघडला तर त्याच्यावरही डाफरणारा. २००८-०९ मध्ये कॉन्फिकर आला, तोही यूएसबीवरून फिरायचा. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटने बंद केलं. 'लावला की आपोआप गेम सुरू' हे तेव्हापासून संपलं. डबल क्लिक करावाच लागतो, आणि ते बरंच आहे.

आता जरा नाजूक विषय. हे गेम आपल्याकडे आले कसे? खोक्यात पॅक केलेला, पुस्तिकेसकट विकत घेतलेला प्रिन्स माझ्या ओळखीत कोणीही पाहिलेला नाही. प्रिन्समध्ये पहिल्या लेव्हलनंतर एक खोली यायची, अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर बघा आणि ती बाटली प्या, म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलाय हे सिद्ध. आम्हाला वाटायचं ही कथेतलीच एक जादूची खोली आहे! आमच्या कॉपीत कुठलीही बाटली पिऊन चालायचं, कारण आमच्यापर्यंत येण्याआधीच कोणीतरी ते कुलूप फोडलेलं होतं. लॅबमध्ये 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करून शिफ्ट एल दाबायचं हे सगळ्यांना पाठ, पण जॉर्डन मेक्नर हे नाव कोणालाच माहीत नाही.

ह्या मेक्नरने १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं एकट्याने खपून तो गेम ॲपल टूवर लिहिला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम हाताने उतरवून घेतली. प्रिन्स कठड्याला लटकतो तेव्हा खरा माणूस वाटतो तो म्हणून. संगीत वडिलांचं. दुसऱ्या शत्रूसाठी मेमरी उरली नाही म्हणून त्याने प्रिन्सचीच चित्रं एक्सऑर करून सावली बनवली, आणि आरशातून निघणारा तो छायापुरुष हा सगळ्या गेमचा प्राण ठरला.

पण त्याचा मूळ सोर्स कोड? तो खुद्द मेक्नरकडेच नव्हता. वर्षानुवर्षं शोधत होता. २०१२ साली वडिलांना कपाटात एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉप्या. जुन्या फ्लॉप्या वाचणारे जाणकार बोलावले गेले, वीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या चकत्या सुदैवाने वाचल्या गेल्या, आणि कोड सर्वांसाठी गिटहबवर आला. जगभर लाखो लोकांनी खेळलेल्या गेमचा मूळ कोड एका कपाटातल्या खोक्याच्या भरवशावर होता, हे डोळ्यांसमोर आणा. म्हणजे चोरून पसरलेल्या फोडलेल्या कॉप्या ठिकठिकाणी जिवंत होत्या, आणि मूळ मात्र धूळ खात. कायद्याने ते चूकच, पण जपणूक कोणी केली ह्याचं उत्तर गैरसोयीचं आहे.

कायदा काय म्हणतो? 'ॲबंडनवेअर' हा शब्द छान असला तरी कायद्यात त्याला काही अर्थ नाही. कंपनी विकत नाही म्हणून गेम आपला होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे डेव्ह मुक्त होईल तेव्हा तुमच्या-माझ्या नातवंडांना गुडघेदुखी झालेली असेल. सप्टेंबर २००८ मध्ये जीओजी सुरू झालं आणि जुने गेम पैसे देऊन, कुलूप नसलेले, मिळू लागले. त्यांच्या डॉस गेमांच्या पोटात बऱ्याचदा आपला डॉसबॉक्सच असतो. जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट अर्काइव्हने दोनेक हजारांहून जास्त डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. तिथेही आत डॉसबॉक्सच. तरीही जुलै २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली, की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळतच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रंथालयांना असे गेम दुरून अभ्यासायला देण्याची सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारली.

आणि इथे मला खरी काळजी वाटते ती पुढची. डेव्ह वाचला कारण तो एका फोल्डरमध्ये मावत होता. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतातला पबजी मोबाइल बंद झाला. बंदीचा निर्णय बरोबर की चूक तो वाद बाजूला ठेवा. सर्व्हर बंद झाला आणि लाखो पोरांच्या फोनमध्ये उरलं ते नुसतं आयकॉन. २०१४ चा द क्रू हा पैसे देऊन घेतलेला गेम ३१ मार्च २०२४ रोजी असाच सर्व्हरबरोबर गेला. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५ पर्यंत १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. आज दहावीत असलेल्या पोराला तिशीत आपला गेम पुन्हा पाहावासा वाटला, तर तो कुठल्या पेन ड्राइव्हवर शोधणार?

दुसरी काळजी घरची आहे. डॉसबॉक्समध्ये साउंड ब्लास्टर आहे, कारण गेमवेड्यांना त्याचा आवाज हवा होता. डॉसच्याच काळात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते पीसीत बसवलं की डीबेस, लोटससारख्या इंग्रजी प्रोग्रॅमांत देवनागरी उमटायची. मूळ काम आयआयटी कानपूरचं, घडवलं पुण्यात. मराठी पडद्यावर आणणारं ते कार्ड डॉसबॉक्समध्ये नाही. डेव्हची उडी जशीच्या तशी जपली गेली, आणि त्याच वर्षांत त्याच जातीच्या मशीनवर मराठी कशी दिसायची ते दाखवणारी सोय त्याच्या शेजारी नाही. त्यात दोष त्या दोन डच पोरांचा नाही, त्यांनी त्यांच्या आवडीचं जपलं. आपल्या आवडीचं आपणच जपायचं असतं, आणि आपण एवढे सगळे इंजिनिअर असून वीकांताला मोकळे असतो!

तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉप्या, सीड्या, बाबांच्या ऑफिसातला एखादा जुना पीसी असेल त्यांनी तो भंगारात देण्याआधी आतला माल उतरवून घ्या. गेम असो की हिशेबाची वही. आणि फक्त पेन ड्राइव्हवर ठेवू नका. त्यात माहिती म्हणजे इवल्याशा कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. वर्षानुवर्षं न लावता ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर तो भार हळूहळू गळतो आणि एक दिवस फोल्डर रिकामा दिसतो. दोन-तीन जागी कॉप्या ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून बघा. गेम असेल तर एक लेव्हल खेळूनच बघा, त्याशिवाय चालतोय की नाही ते कळणार कसं? :)

असो. बरंच लांबलं. चहा गार झालाय आणि सोमवार जवळ आलाय. पुढच्या वीकांताला जिस्ट कार्डाबद्दल जे काही जुनं हाताला लागेल ते वाचायला घेणार आहे.